नवजात श्रवणतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नवजात श्रवणतपासणीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणी करणारे आरोग्य प्रशासन, तज्ज्ञ समित्या आणि त्यासाठी निधी मंजूर करणारे सर्व संबंधित यांस,

सप्रेम नमस्कार.

जन्माला येणाऱ्या प्रत्येक बाळाच्या श्रवणशक्तीची तपासणी पहिल्या महिन्यातच व्हावी, या विधानाला आता फारसा कुणाचा विरोध उरलेला नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१७ च्या ठरावात अर्भकांसह जोखमीच्या गटांसाठी तपासणी कार्यक्रम राबवण्याचे आवाहन सदस्य देशांना केले, मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक श्रवण अहवालाने नवजात तपासणीचा पुन्हा पुरस्कार केला, आणि अनेक देशांत ती गेली वीस-पंचवीस वर्षे नित्याची झाली आहे. त्यामुळे तपासणी हवी की नको या वादात मी शिरत नाही. ती देशपातळीवर नेताना पैसा, माणसे आणि लक्ष नेमके कुठे लागावे, एवढाच या पत्राचा विषय आहे. आणि माझे म्हणणे असे की या कार्यक्रमाची आखणी उलट्या दिशेने, म्हणजे सहा महिन्यांच्या बाळापासून मागे मागे येत प्रसूतिगृहापर्यंत, व्हायला हवी. सहसा ती प्रसूतिगृहातल्या यंत्रापासून सुरू होते आणि पुष्कळदा तिथेच संपते.

मी वाचा-श्रवणतज्ज्ञ आहे. नवजात बाळाच्या कानात तपासणीचे टोक बसवणे आणि काही आठवड्यांनी त्यांच्यापैकी एखाद्याच्या आईवडिलांसमोर बसून निदान सांगणे, ही दोन्ही कामे मी करते. पहिल्या कामाला काही मिनिटे पुरतात; दुसरे काम त्या दिवशी सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. कार्यक्रमांच्या मसुद्यांत मात्र पहिल्या कामासाठी पानेच्या पाने असतात, यंत्राच्या तांत्रिक निकषांपासून प्रशिक्षणाच्या वेळापत्रकापर्यंत, आणि दुसऱ्याची बोळवण ‘पुढील उपचारासाठी संदर्भित करावे’ एवढ्यावर होते. माझी सारी तक्रार त्या एका ओळीबद्दल आहे.

सहा महिन्यांचा आग्रह कशासाठी, हे आधी सांगायला हवे. गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत बाळ ऐकू लागलेले असते. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात ते घरातल्या भाषेचे ध्वनी इतक्या बारकाईने टिपू लागते की वर्ष भरत येते तेव्हा परक्या भाषांतले काही ध्वनिभेद त्याला पूर्वीसारखे कळेनासे होतात. ज्या बाळापर्यंत हे ध्वनी पोहोचतच नाहीत त्याचा हा सगळा काळ कोरा जातो, आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, हसते, चेहऱ्याकडे टक लावून पाहते. दार आपटले की हादऱ्याने दचकते. मागून टाळी वाजवली की हवेच्या झुळुकीने किंवा हलत्या सावलीने मान वळवते. भांडे पडले की बाळ दचकते, म्हणजे त्याला ऐकू येते, असे सांगणारी आई खोटे बोलत नसते. शिवाय काही बाळांना खालच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी ऐकू येतात आणि ‘स’, ‘श’ यांसारखे वरच्या पट्टीतले ध्वनी येत नाहीत. असे मूल हाकेला वळते, पण शब्द अर्धाच ऐकते. संशय येतो तो बरोबरीची मुले बोलू लागल्यावर, आणि तेव्हाही ‘याचे वडील उशिराच बोलले होते’ असे म्हणत आणखी काही महिने निघून जातात.

कोलोराडोतील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत श्रवणदोष ओळखला गेलेली ७२ मुले आणि त्यानंतर ओळखला गेलेली ७८ मुले यांच्या भाषेची तुलना केलेली आहे. लवकर ओळख पटलेली मुले, त्यांची आकलनशक्ती सर्वसाधारण असेल तर, भाषेत स्पष्टपणे पुढे होती, आणि श्रवणदोष सौम्य असो वा तीव्र, घरची आर्थिक स्थिती कशीही असो, हा फरक टिकून राहिला. नवजात तपासणीच्या बाजूने बोलताना या अभ्यासाचा दाखला आपण सगळेच देतो. त्यातली एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गळून पडते: या मुलांना निदानानंतर सरासरी दोन महिन्यांत, घरापर्यंत येऊन आईवडिलांना शिकवणारी मदत मिळालेली होती. तपासणीचे म्हणून जे श्रेय आपण सांगतो, ते खरे तर तपासणी आणि नंतरची मदत या दोहोंचे मिळून आहे. दुसरी गोष्ट वगळून पहिलीचे फळ मिळेल, असे तो अभ्यास कुठेही म्हणत नाही.

साधने हाती यायला वेळ लागला, हे खरे. मँचेस्टरच्या आयरीन आणि अलेक्झांडर युइंग या दांपत्याने १९४४ मध्ये, बाळाचे लक्ष समोर गुंतवून ठेवून बाजूने हलका आवाज करायचा आणि ते वळते का पाहायचे, अशी पद्धत मांडली, आणि पुढे कित्येक दशके ब्रिटनमधील आरोग्य परिचारिका सात-आठ महिन्यांच्या बाळांची तशी तपासणी करीत राहिल्या. पद्धत हुशारीची होती, पण करणारीच्या कसबावर आणि बाळाच्या लहरीवर ती फार अवलंबून होती. १९७८ मध्ये लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी दाखवून दिले की निरोगी आंतरकर्ण आवाज नुसता घेत नाही, तर स्वतःही अतिशय क्षीण आवाज परत पाठवतो, आणि कानाच्या नळीत सूक्ष्म मायक्रोफोन ठेवून तो टिपता येतो. आज जिला आपण ओएई म्हणतो ती तपासणी यातूनच निघाली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने सर्व नवजात बाळांच्या तपासणीची शिफारस केली; २००० मध्ये तिथल्या बालश्रवण संयुक्त समितीने पहिल्या महिन्यापर्यंत तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत प्रत्यक्ष मदत अशी कालमर्यादा आखून दिली, आणि २०१९ मध्ये, ज्यांना हे जमू लागले आहे त्यांनी ती एक, दोन आणि तीन महिन्यांवर आणावी असे सुचवले. इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत नवजात तपासणी सर्वत्र पोहोचली आणि युइंग दांपत्याची पद्धत निवृत्त झाली.

आखणी करणाऱ्यांनी ही तपासणी एकदा तरी प्रसूतिकक्षात उभे राहून पाहावी, अशी माझी विनंती आहे. बाळ दूध पिऊन, ढेकर देऊन, गुंडाळलेले आणि झोपलेले हवे. कानाच्या आकाराप्रमाणे रबरी टोक निवडायचे, कानाची पाळी किंचित खाली आणि मागे ओढून नळी सरळ करायची, टोक बसवायचे आणि हात न हलवता थांबायचे. पलीकडच्या खाटेवरचे बाळ रडत असते, औषधांची गाडी खडखडत जाते, कुणाचा तरी फोन वाजतो, आणि यंत्र गोंगाट जास्त असल्याची तक्रार करते. मग डाव्या कानाला ‘पास’ येते, उजव्याला ‘रेफर’, म्हणजे स्पष्ट उत्तर मिळाले नाही, पुन्हा तपासा. अनुभवी परिचारिका लगेच पुन्हा बटण दाबत नाही. ती टोक बाहेर काढून उजेडात धरते. त्याच्या बारीक छिद्रात गर्भातल्या पांढऱ्या लेपाचा कण अडकलेला असतो. टोक बदलून पुन्हा पाहिले की तोच कान ‘पास’ होतो. नवशिकी परिचारिका तीच ‘रेफर’ची नोंद करून पुढच्या बाळाकडे वळते, आणि एका निरोगी बाळाचे कुटुंब निदान केंद्राच्या वाटेला लागते.

जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत कानाच्या नळीत हा लेप आणि मध्यकर्णात द्रव असण्याची शक्यता जास्त, म्हणून तपासणी जितकी उशिरा तितके खोटे ‘रेफर’ कमी. दुसरीकडे साध्या प्रसूतीनंतर बाळ-बाळंतिणीला एक-दोन दिवसांत घरी सोडण्याकडे कल असतो, म्हणून तपासणी जितकी उशिरा तितकी सुटून गेलेली बाळे जास्त. या ओढाताणीचा निर्णय वरून घेऊन तो लिहून ठेवावा लागतो. तो प्रत्येक प्रसूतिगृहावर सोपवला तर जिथे जसे सोयीचे तसे होते. माझे मत विचाराल तर घरी जाण्याच्या दिवशी सकाळी पहिली फेरी, न जमल्यास त्याच दिवशी दुपारी दुसरी, आणि तरीही स्पष्ट उत्तर न मिळाल्यास काही आठवड्यांच्या लसीकरणाच्या भेटीला जोडून तिसरी, असा क्रम असावा. लसीसाठी आई येतेच. केवळ कानासाठी ती पुन्हा येईल, यावर कार्यक्रम उभा करू नये.

एक लाख बाळांचा हिशेब मांडून पाहा. दर हजारी एक ते दोन बाळांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो असे धरले, तर या लाखात अशी शंभर ते दोनशे बाळे असतील. पहिल्याच फेरीवर थांबलो आणि दहा टक्के बाळांची ‘रेफर’ अशी नोंद झाली, तर निदान केंद्राच्या दारात दहा हजार कुटुंबे उभी राहतील. अमेरिकन बालरोग अकादमीने १९९९ मध्ये घालून दिलेली चार टक्क्यांची मर्यादा पाळली तरी ती चार हजार होतील. म्हणजे केंद्रात येणाऱ्या वीस ते चाळीस बाळांमागे एकाला खरा श्रवणदोष निघेल. उरलेल्यांचे कान ठीक असतात, पण त्यांच्या घरांनी मधले दिवस कसे काढले याची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. आणि केंद्रात जागा कमी असेल तर ज्याला खरोखर गरज आहे ते बाळ या गर्दीत रांगेच्या शेवटी उभे असते.

म्हणूनच ‘रेफर’ आल्यावर आईला काय सांगितले जाते, हा सौजन्याचा विषय समजून सोडून देऊ नये. तो कार्यक्रमाच्या यशापयशाचा विषय आहे. ‘बाळ नापास झाले’ असे कुणी म्हटले तर घरात आकांत होतो. ‘काही नाही, होईल नीट’ असे म्हटले तर आई पुन्हा येत नाही, आणि माझ्या मते या दोहोंत दुसरे वाक्य अधिक महाग पडते. यंत्राला आज या कानाकडून स्पष्ट उत्तर मिळाले नाही, बहुतेक वेळा कारण साधेच असते, पण या तारखेला या ठिकाणी पुन्हा पाहायचेच आहे: एवढे तीन भागांचे सांगणे, आईच्या भाषेत, शांतपणे आणि तारीख हातात देऊन झाले, तर पुढची निम्मी अडचण तिथेच सुटते. प्रशिक्षणात यंत्र चालवण्याला जेवढा वेळ देता तेवढाच या सांगण्याला द्यावा.

तारखेचा आग्रह मी उगाच धरत नाही. अमेरिकेत नव्वद टक्क्यांहून अधिक बाळांची जन्मतः तपासणी होऊ लागल्यानंतरही, २००७ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार ‘रेफर’ झालेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांच्या पुढच्या निदानाची नोंदच नव्हती. काही कुटुंबे आलीच नव्हती, काही आली होती पण कळवले गेले नव्हते. साधनसंपन्न देशाची ही स्थिती होती, आणि पुढे जी सुधारणा झाली ती बाळामागोमाग नोंद चालू ठेवण्याच्या चिकाटीतून झाली. पोलंडने २००२ च्या सुमारास देशभर तपासणी सुरू केली तेव्हा यंत्रांचा खर्च एका धर्मादाय संस्थेने लोकवर्गणीतून उचलला होता, आणि सोबत मध्यवर्ती नोंदपटही उभारला गेला. यंत्रासाठी वर्गणी मिळते, देणगीदाराचे नाव त्याच्यावर लिहिता येते. नोंदपट सांभाळणाऱ्या कारकुनासाठी कुणी वर्गणी देत नाही. म्हणूनच त्याचा पगार सरकारी अंदाजपत्रकात पहिल्या वर्षापासून असला पाहिजे. फिलिपिन्सने २००९ मध्ये कायदाच करून नवजात तपासणी बंधनकारक केली. कायद्याने दार उघडते, हे मान्य. पण पत्ता बदललेल्या, फोन दुसऱ्याच्याच नावावर असलेल्या आईला शोधून काढायचे काम कायदा करीत नाही. ते काम कुणाचे, हे प्रत्येक जिल्ह्यात नावानिशी ठरलेले असावे.

प्रत्येक प्रसूतिगृहात स्वतंत्र यंत्र हवेच, असेही नाही. केरळातील कोची शहरात २००३ पासून एका मध्यवर्ती केंद्राचे तपासनीस यंत्र घेऊन निरनिराळ्या रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी जाऊ लागले. यात यंत्र पडून राहत नाही आणि तपासणाऱ्याचा हात सरावातला राहतो. महिन्याला मोजकीच बाळे जन्मणाऱ्या ठिकाणी कपाटात बंद राहणारे यंत्र हा आरोग्य खात्यांचा जुना परिचयाचा प्रकार आहे. तो इथे तरी टाळता येईल.

आता निदानाकडे वळते, कारण साखळीची खरी कमकुवत कडी ही आहे. कपाळावर आणि कानामागे इलेक्ट्रोड लावून, निरनिराळ्या पट्टीतल्या आवाजांना मज्जातंतू व मेंदूचा देठ किती प्रतिसाद देतात हे पाहण्याच्या तपासणीला आमच्याकडे सगळे बेरा म्हणतात. तिच्यासाठी बाळ तास-दीड तास गाढ झोपलेले लागते. पहिल्या तीन महिन्यांत दूध पाजले की हे सहज साधते. सहा महिन्यांनंतर पुष्कळदा झोपेचे औषध द्यावे लागते, त्यासाठी वेगळी परवानगी, वेगळी देखरेख, वेगळी तारीख. म्हणजे तारखा पुढे ढकलत गेल्याने नुसता उशीर होत नाही, तपासणीच अवघड होऊन बसते. त्यातही प्रसूतिगृहातले यंत्र आपला निकाल आपणच सांगते, तर बेरामधल्या लाटा माणसाने वाचायच्या असतात. गोंगाटातली एखादी खोटी लाट खरी मानली गेली की ऐकू न येणारे बाळ ‘ऐकू येते’ असा कागद घेऊन घरी जाते, आणि त्या कागदावर विसंबून पुढची दोन वर्षे कुणी काही शंका घेत नाही. स्कॉटलंडमधील एका आरोग्य मंडळाच्या बालश्रवण विभागाचे स्वतंत्र परीक्षण २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात अनेक वर्षे अशा तपासण्या चुकीच्या पद्धतीने झाल्याचे व मुलांचे निदान उशिरा झाल्याचे आढळले. नवजात तपासणी जिथे उत्तम रुळलेली आहे अशा व्यवस्थेत हे घडले. म्हणून निदान केंद्रे संख्येने थोडी पण भरपूर काम असलेली असावीत, आणि प्रत्येक केंद्राचे आलेख दुसऱ्या केंद्रातील जाणकाराने नियमितपणे तपासावेत, असा नियम सुरुवातीपासूनच करावा. आपल्या सहकाऱ्याने आपले काम तपासणे आम्हा तज्ज्ञांना रुचत नाही, हे मला ठाऊक आहे, तरीही करावा.

निदान झाले, श्रवणयंत्र मंजूर झाले, ते बाळाच्या कानामागे बसवले, छायाचित्र निघाले. इथे बहुतेक योजनांचा शेवट होतो, आणि घरी खरी अडचण सुरू होते. तान्ह्या बाळाचा कान इतका भराभर वाढतो की श्रवणयंत्राला जोडलेला मऊ साचा, ज्याला आम्ही इअरमोल्ड म्हणतो, काही आठवड्यांत सैल होतो. सैल झाला की बाजूने आवाज गळतो, यंत्र शिट्टी मारू लागते, बाळाला मांडीवर घेतले की ती शिट्टी वाढते, आणि आई कंटाळून यंत्र बंद करते. मग ते कपाटात जाते. सरकारी कागदावर मात्र या मुलाला ‘लाभार्थी’ म्हणून कायमचे स्थान मिळालेले असते. श्रवणयंत्र एकदा द्यायचे असते, साचा पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, आणि या साच्यांचा, बॅटऱ्यांचा व त्यासाठी होणाऱ्या फेऱ्यांचा खर्च ज्या अंदाजपत्रकात नाही, ते अंदाजपत्रक या कामाची माहिती असलेल्या माणसाला विचारून केलेले नाही असे मी समजते.

अतिदक्षता विभागातून बाहेर पडणाऱ्या बाळांबद्दल वेगळे लिहायला हवे. तिथे श्रवणदोषाचे प्रमाण सर्वसाधारण बाळांच्या कितीतरी पट असते. इंग्लंडमधील कार्यक्रम पालकांना जी माहिती देतो तीनुसार, अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काळ तिथे राहिलेल्या बाळांत ते सुमारे शंभरात एक आहे. अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, प्राणवायूची कमतरता यांमुळे काही बाळांचा आंतरकर्ण उत्तर देतो, पण मज्जातंतू संदेश पुढे नीट नेत नाही. अशा बाळाची ओएई ‘पास’ येते. म्हणून या बाळांसाठी मेंदूच्या देठाचा प्रतिसाद आपोआप मोजणारी तपासणीच वापरावी. इथे स्वस्त यंत्राचा मोह खोटी खात्री विकत घेतो. तसेच सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग हे अनुवंशाबाहेरच्या कारणांतले सर्वांत मोठे कारण, आणि तो जन्मतःच होता की नंतर झाला हे लाळ किंवा लघवीच्या तपासणीतून पहिल्या तीन आठवड्यांतच खात्रीने सांगता येते. नवजात श्रवणतपासणी आणि ही तपासणी यांचे वेळापत्रक एकमेकांना जोडले नाही, तर ते उत्तर कायमचे हातचे जाते.

‘पास’ हा शब्दही आयुष्यभराचा दाखला नाही. सौम्य श्रवणदोष तपासणीच्या जाळ्यातून निसटतो. काही अनुवंशिक दोष, हाच विषाणू किंवा नंतरचा मेंदूज्वर यांमुळे ऐकणे पुढच्या महिन्या-वर्षांत कमी होते. शाळाप्रवेशाच्या वेळी दुसरी तपासणी, आणि मधल्या काळात आईने शंका बोलून दाखवली तर ‘जन्मतः पास होते’ असे म्हणून तिला परत न पाठवण्याची सूचना, इतके तरी कार्यक्रमात असावे.

यानंतरचा मुद्दा आमच्या व्यवसायात अजून संकोचाने बोलला जातो. कर्णबधिर बाळांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. निदान कळल्यावर हे आईवडील डॉक्टरांना भेटतात, तज्ज्ञांना भेटतात, यंत्रविक्रेत्यांना भेटतात; नोकरी करणारा, संसार करणारा, सांकेतिक भाषेत गप्पा मारणारा एखादा कर्णबधिर प्रौढ त्यांना कुणी भेटवत नाही. आपल्या बाळाचे पुढे काय होणार, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा माणूस खोलीत नसतो. कर्णबधिर समाजातील अनेकांना नवजात तपासणी ही आपल्याला दुरुस्त करण्याची मोहीम वाटते, आणि आम्ही ज्या पद्धतीने बोलतो ते पाहता त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. बाळाला पहिल्या वर्षात भाषा मिळावी, हे या सगळ्या खटाटोपाचे कारण आहे. श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायचे श्रवणसाधन, हा तिच्याकडे जाणारा एक मार्ग. पण इम्प्लांटसाठी प्रतीक्षा असते, काही बाळांत श्रवणतंतूच नसतो, काहींना यंत्राचा उपयोग मर्यादित होतो, आणि या प्रतीक्षेत बाळाचे वय थांबून राहत नाही. सांकेतिक भाषा निदानाच्या दिवसापासून देता येते. २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातही सांकेतिक भाषा शिकणे सुकर करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. ती शिकल्याने मूल बोलणार नाही ही भीती आम्हीच पूर्वी पालकांच्या मनात घातली. ती काढण्याचे कामही आम्हालाच करावे लागेल. म्हणून कार्यक्रमाच्या समित्यांवर कर्णबधिर व्यक्ती असाव्यात, दुभाष्यासह आणि मताधिकारासह, आणि कुटुंबांना भेटणाऱ्या पथकात त्यांना मानधनाचे काम असावे.

दोन आक्षेप मी नेहमी ऐकते. पहिला असा की सगळ्यांची तपासणी परवडत नाही, तेव्हा जोखमीच्याच बाळांची करावी. हे सुरुवातीचे पाऊल म्हणून मी समजू शकते, धोरण म्हणून नाही. कारण जन्मतः श्रवणदोष असलेल्या बाळांपैकी जवळपास निम्म्यांत जोखमीचे कोणतेच कारण आढळत नाही, आणि ती निम्मी बाळे आपण जाणूनबुजून सोडून देतो. दुसरा आक्षेप माझ्याच म्हणण्यावर आहे, आणि तो वजनदार आहे: साखळीचा शेवटचा भाग तयार होईपर्यंत थांबायचे ठरवले, तर तो कधीच तयार होणार नाही, आधी गरज दिसू द्या, मग सोयी येतील. अनुभव असा आहे की सोयी क्वचितच येतात, आणि तोवर निदान ऐकून पुढे काहीच न मिळालेली कुटुंबे इतरांना ‘तपासून काही उपयोग नाही’ असे सांगू लागतात. विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणी कार्यक्रमांचे जे निकष लिहिले, त्यांतही निदान व उपचाराची सोय उपलब्ध असणे ही अट आहे. माझा तोडगा थांबण्याचा नाही, क्षेत्र लहान करण्याचा आहे. सगळ्या देशात एकाच दिवशी अर्धी साखळी टाकण्याऐवजी काही जिल्ह्यांत ती पूर्ण टाकावी, आणि जिथे बेराची तारीख तीन महिन्यांच्या आत मिळते, साचा बदलून मिळतो आणि घरी जाऊन शिकवणारी व्यक्ती नेमलेली आहे, तिथेच पुढची यंत्रे पाठवावीत. उद्घाटनांची संख्या यात कमी होते, याची मला कल्पना आहे.

शेवटी एक अगदी कारकुनी मागणी. या कार्यक्रमाच्या पहिल्या वार्षिक अहवालात पहिला तक्ता किती बाळांची तपासणी झाली याचा नसावा. जन्मलेल्या दर हजार बाळांमागे किती बाळांचा श्रवणदोष तीन महिन्यांच्या आत निश्चित झाला, त्यांपैकी किती जणांना सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र, सांकेतिक भाषा किंवा दोन्ही मिळू लागले, वर्षअखेरीस त्यांपैकी किती जण अजून मदतीच्या संपर्कात आहेत, आणि ‘रेफर’ झालेल्यांपैकी किती जणांचा ठावठिकाणा लागला नाही, हे चार आकडे जिल्हावार आधी छापावेत. तपासलेल्या बाळांची एकूण संख्या परिशिष्टात दिली तरी चालेल. पहिल्या वर्षी हे आकडे वाईट येतील, आणि त्यावरून जिल्ह्यांना नोटिसा पाठवल्या तर दुसऱ्या वर्षी ते खोटे येतील. म्हणून पहिली तीन वर्षे त्यांचा उपयोग केवळ माणसे आणि निधी कुठे कमी पडतो हे ठरवण्यासाठी होईल, असे शासन निर्णयातच नमूद करावे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचा-श्रवणतज्ज्ञ